विहिरीत उडी न मारल्याबाबत

मु. करंजबोडी, लाखांदूरकडे
दि. १४ मे १९७८

तीर्थस्वरूप मामांस,

वच्छलेचा वाकून नमस्कार, आणि मी जिवंत आहे. (आधी नमस्कार लिहावा की आधी जिवंत असल्याचं लिहावं, यात माझी सकाळ गेली. मोठ्यांना नमस्कार केल्याशिवाय पत्रात दुसरं काही लिहायचं नाही हे आपणच शिकवलं, म्हणून तो क्रम ठेवला. उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी.) आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर तीन आठवडे झाल्यावर थुंकी तपासायला न्यायचं असतं, हे मी मागच्या दोन पत्रांतही लिहिलं होतं आणि आपण त्याचं उत्तर दिलं नाही. म्हैस व्याली असेलच.

आता मुद्द्याचं. बांगड्या-रिबिनी विकणारा ताराचंद काल इकडे परत आला. मला पाहून तो सायकलवरून उतरला आणि मयताच्या घरी करतात तसा नमस्कार करून उभा राहिला. मग त्याने कबूल केलं, की आपल्या अड्याळच्या बाजारात त्याने चार ठिकाणी सांगितलं, केशवरावांच्या भाचीने करंजबोडीच्या हिरीत उडी घेतली. पहिल्या ठिकाणी मला लगेच बाहेर काढलं होतं. चौथ्या ठिकाणी मला काढायला बैलजोडी लावावी लागली. (माझं वजन एकोणचाळीस किलो आहे. आरोग्य केंद्रातल्या काट्यावर दर महिन्याला मी स्वतःचंही करते.) आणि हे ऐकून आपण भर बाजारात म्हणालात, की पोरीला आणायला येत्या आठवड्यात जातो, वळकटीसकट घेऊन येतो, नोकरी गेली खड्ड्यात.

मामा, मी उडी मारली नाही. हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते खरंच होतं. जे घडलं तेच लिहायचं, न घडलेलं लिहायचं नाही, हे आपण मला पाटीवर शिकवलं, शाळेत घालण्याच्या आधी, आपल्या ओट्यावर. या पत्रात एकही शब्द खोटा नाही. आणि मी वळकटीसकट येणार नाही. वळकटीशिवायही येणार नाही. सविस्तर लिहिते, म्हणजे बाजारात आपल्याला उत्तर देता येईल.

भंडाऱ्याला ट्रेनिंगमध्ये आम्हाला मनकर्णाबाई नावाच्या ट्यूटर होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की तुमचा पेशंट कोण? आम्ही बावीस जणींनी उत्तर दिलं, आजारी माणूस. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. म्हणाल्या, तो दवाखान्यातल्या नर्सचा पेशंट, त्याला खाट असते, तो पळून जात नाही. तुमचा पेशंट आख्खं गाव आहे. त्यातही जे धडधाकट आहेत ते सगळ्यात अवघड, कारण आपण पेशंट आहोत हे त्यांना पटत नाही. मग त्यांनी पद्धत शिकवली: आधी घरोघर जायचं, बसायचं, ऐकायचं, मोजायचं, लिहायचं. पाणी कुठून येतं आणि घाण कुठे जाते ते नकाशावर काढायचं. औषधाची पेटी शेवटी उघडायची. आणि कुणाच्याही घरी गेलं, की वर्तमानपत्र पसरून त्यावर काळी बॅग ठेवायची, म्हणजे एका घरची घाण दुसऱ्या घरी जात नाही, आणि आधी हात धुवायचे.

ही पद्धत मी इथे तंतोतंत पाळली. त्यामुळे पहिल्या महिन्यात माझी तब्येत बिघडली. कारण या भागात पाहुणीने पुढ्यात कागद पसरला आणि हात धुवायला पाणी मागितलं, तर घरच्यांना वाटतं तिला भूक लागली आहे. पहिल्या दिवशी एकोणीस घरं झाली आणि अकरा घरी माझ्यासमोर भाताची थाळी आली. लोकांचा विश्वास बसेपर्यंत त्यांनी दिलेलं नाकारू नये, असंही मनकर्णाबाईंनी शिकवलं होतं. (दोन्ही नियम एकाच दिवशी पाळायचे झाले तर काय करायचं, हे मी वहीत त्यांच्यासाठी प्रश्न म्हणून लिहून ठेवलं आहे.) तरीही सर्वेक्षण पुरं केलं. एकशे सत्तेचाळीस घरं, सातशे ब्याऐंशी माणसं, नकाशासह.

माझ्या रजिस्टरात नंबर एकशे बारा म्हणजे कलाबाईची नात. वय चार वर्षं. चैत्रात खालच्या टोल्यात, म्हणजे खालच्या वस्तीत, पाच पोरांना एकाच आठवड्यात हगवण-उलट्या झाल्या. मीठ-साखरेचं पाणी पाजत मी एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होते. चौघं वाचली. एकशे बारा नंबरवर मी लाल शाईने रेघ मारली, आणि ती रेघ सरळ आली नाही म्हणून खाली सही करून तारीख घातली. तशी दुसरी रेघ मारण्याचा माझा विचार नाही. पुढे मी जे जे केलं ते या एका ओळीमुळे केलं, एवढं ध्यानात ठेवून बाकीचं वाचावं.

नकाशा पाहिला तर पाचही घरं लक्ष्मणराव पाटलांच्या विहिरीचं पाणी पितात. लक्ष्मणराव सरपंचही आहेत. विहीर त्यांची, पण पाणी गावाला मोकळं आहे, आणि गावाचा त्या विहिरीवर भारी जीव, कारण तिच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. सरकारी बोरिंगच्या पाण्यात ती दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी खडेच. (हे खरं आहे, मी स्वतः करून पाहिलं.) उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, आणि जगतीला, म्हणजे विहिरीभोवतीच्या ओट्याला, पडलेल्या भेगांतून सांडपाणी परत आत झिरपतं. उपाय एकच: ब्लीचिंग पावडर टाकायची, पण मोजून. मोजण्यासाठी विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली लागते. टेपसाठी मी केंद्रात दोनदा मागणीपत्र दिलं, अजून आला नाही. मग मी आपल्याच विद्येवर काम भागवलं. दोर घेतला आणि हाताने मोजला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, एक हात म्हणजे दीड फूट. आपण माझ्या पाटीवर आपला हात आडवा ठेवून हे शिकवलं होतं, आणि हात पाटीबाहेर गेला होता, ते मला आजही दिसतं. अड्याळच्या निम्म्या विहिरी आपल्या हिशोबाने खणल्या गेल्या, तेव्हा मला शंका घ्यायचं कारण नव्हतं. व्यास सहा हात, पाणी साडेतीन हात. गुणाकार दोनदा तपासून दोन हजार अठ्ठ्याऐंशी गॅलन पाणी निघालं. त्या मानाने पावडर तोलली, बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं पाणी मंगळवारी, दोन तारखेला, विहिरीत सोडलं.

बुधवारी पाटलांच्या मुलीला पाहायला पवनीकडचे पाहुणे आले. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. (घरोघर जाऊन ऐकायचं, या नियमात मी पाटलांचं घर त्या आठवड्यात चुकवलं. ही चूक मी मान्य करते, आणि फक्त एवढीच मान्य करते.) पाहुण्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. मुलाच्या आत्याने विचारलं म्हणे, की चहात फिनेल पडलं काय? डाळ नेहमीसारखी लवकर शिजली, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. ‘विचार करून कळवतो’ म्हणून पाहुणे गेले. त्या संध्याकाळपासून गाव माझ्याशी बोलेना. वर्तमानपत्र पसरलं तरी कुणी थाळी आणेना, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला समजलं.

पाटलांनी केंद्राच्या डॉक्टरांकडे तक्रार केली. सोमवारी मला मेमो आला: पावडरचं प्रमाण कशाच्या आधारे ठरवलं याचा खुलासा करावा, आणि शुक्रवारी एकोणीस तारखेच्या ग्रामसभेत गावाची माफी मागावी, नाहीतर बदलीसाठी वर लिहावं लागेल. मामा, मला भीती वाटते हे आपल्याला ठाऊक आहे. मला कुत्र्याची, पोस्टमनची आणि न विचारता उघडलेल्या दाराची भीती वाटते. मेमो मी जमिनीवर ठेवला आणि लांब बसून वाचला. पण वाचून झाल्यावर मी उत्तर लिहिलं, की प्रमाण मोजून ठरवलं आहे, पाणी शुद्ध करण्याबद्दल माफी मागण्याची पद्धत आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेली नाही, आणि मी पुन्हा पावडर टाकणार आहे. सही केली. मग घाबरून दोन ग्लास पाणी प्यायले. त्याच विहिरीचं.

उत्तर पाठवायच्या आधी आकडा पुन्हा तपासावा, म्हणून बुधवारी, दहा तारखेला, मी परत विहिरीवर गेले. आता जे घडलं ते नीट क्रमाने लिहिते, कारण गैरसमज इथेच झाला. दुपारी बारा वाजता गेले, कारण तेव्हा पाणी भरायला कुणी नसतं आणि मोजताना धक्का लागत नाही. सरकारी काम म्हणून धुतलेलं पांढरं लुगडं नेसले. पाटलांच्या विहिरीच्या ओट्यावर कुणी पायतण घालून चढत नाही, म्हणून चपला खाली काढून ठेवल्या, जोडीने. शेजारी वर्तमानपत्र पसरून बॅग ठेवली. नवा आकडा मेमोच्या पाठीवर टिपायचा होता, म्हणून मेमो बॅगेशेजारी ठेवला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला. दुसरा दगड दोराला बांधला. मग विहिरीच्या काठावर बसून आत वाकले, दोर कुठवर भिजतो ते पाहायला.

मामा, हे सगळं मी एकेक करून नियमाने केलं. पण लांबून पाहणाऱ्याला काय दिसलं, तर भरदुपारी एकटी नर्स, पांढरं लुगडं, काढून ठेवलेल्या चपला, दगडाखाली चिठ्ठी, दोराला दगड, आणि विहिरीत वाकलेली मान. लांबून पाहत होत्या गोदावरीबाई. मी राहते त्या घराच्या त्या मालकीण, आणि गेली तीस वर्षं गावाच्या सुईण. (माझ्या येण्याने त्यांचं काम कमी झालं. तरी त्यांनी मला घर दिलं, आणि नाळ कापायचं पातं उकळायला त्या आता माझ्या आधी चूल पेटवतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे, हे पुढच्यासाठी नोंदवून ठेवते.) त्या अंगणातून धावत आल्या, मागून माझ्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि कानात ओरडल्या, “पोरी, कायले जीव देऊन राहिली? पावडरच त होती, माय.”

त्यानंतर बराच आरडाओरडा झाला. तो मी सविस्तर लिहू शकत नाही, कारण त्या वेळी मी जिथे होते तिथून नीट दिसत नव्हतं. थोड्या वेळाने मी घरी होते, घोंगडीत, मे महिन्यात, आणि भोवती चाळीस माणसं होती.

तेव्हापासून माझे जे हाल चालले आहेत, ते तक्रारीच्या वेळी नव्हते. मला एकटीला सोडत नाहीत. दोन-दोन बायका पाळीने माझ्याजवळ बसतात. माझं पाणी परस्पर भरून येतं, घरातले सगळे दोर कुणीतरी उचलून नेले आहेत, आणि वाळत घातलेलं लुगडं काठीवर टाकावं लागतं. थाळ्या परत सुरू झाल्या. काल नऊ आल्या. एका म्हातारीने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की नवरा सोडून गेला तरी जग चालत राहते. (मला नवरा नाही. तिला तसं सांगितलं, तर ती आणखीच रडली.) आणि गुरुवारी सकाळी खुद्द लक्ष्मणराव आले. टोपी हातात घेऊन ओट्यावर बसले. घामाघूम झाले होते, आणि मी दिलेलं पाणी त्यांनी घेतलं. मग म्हणाले, “नर्सबाई, तुमी पावडर टाका. दररोज टाका, मी काही म्हनत नाही. तक्रार मी वापस घेतली. पन आमच्या हिरीत जीव नका देऊ. डाळीची हीर आहे ते.”

म्हणजे मी जिंकले, मामा. तक्रार नाही, माफी नाही, बदली नाही, पावडरीला परवानगी. आणि तीन दिवस मला जेवण जात नाही. कारण ही परवानगी पावडर पटली म्हणून मिळालेली नाही, मी मरेन या भीतीने मिळाली आहे. मनकर्णाबाई म्हणत, की भीतीने घेतलेलं औषध माणूस तुमची पाठ वळताच थुंकतो. मी उद्या दुसऱ्या गावी गेले तर या विहिरीत पावडर कोण टाकील? नंतर येणाऱ्या नर्सने काय रोज काठावर जाऊन बसायचं?

फक्त कलाबाईने माझी समजूत घातली नाही. ती आली, दारातच उभी राहिली आणि विचारलं, “पावडर आता कवा टाकशीन?” मी म्हटलं, शुक्रवारी. ती मान हलवून निघून गेली. गावात एवढं एकच माणूस माझ्याशी नर्सशी बोलावं तसं बोललं.

तेव्हा आपण मला न्यायला येऊ नये. मी इथे ठीक आहे, मी इथेच राहणार, आणि मी उडी मारली नाही. आईला हे पत्र वाचून दाखवावं, पण फक्त सहीपर्यंत. खालचं वाचू नये.

आपली आज्ञाधारक भाची (या एका बाबतीत सोडून),
वच्छला

ता. क. सहीच्या वरचं सगळं खरं आहे, पण सगळं खरं वर आलेलं नाही, आणि ते मला सोसत नाही. मी उडी मारली नाही. मी पडले. या दोन्हींत फरक आहे आणि तो आपण बाजारात सांगावा. गोदावरीबाईंनी मला वाचवायला मिठी मारली, मी दचकले आणि डोक्यापासून खाली गेले. त्यांनी वाचवलं नसतं तर मी पडले नसते. हे त्यांना कधीही कळता कामा नये. त्या सध्या रोज शेजारणींना सांगतात, की नर्सबाई माझ्या हातून निसटली, आणि पदर डोळ्यांना लावतात. बैलजोडी लागली नाही. बाज दोराला बांधून सोडली होती.

आणखी ता. क. पडल्यावर मी मरणार होते, हे मला पडता पडताच गणिताने कळलं होतं. पाणी साडेतीन हात, म्हणजे सव्वापाच फूट. मी चार फूट अकरा इंच. मी डोळे मिटले. पाय तळाला टेकले, आणि पाणी हनुवटीला लागून थांबलं. मामा, मी तिथे उभी राहिले, वरून चाळीस माणसं ओरडत होती, आणि माझ्या मनात एकच विचार आला, की माझ्या खुलाशातला आकडा चुकला आहे. बाहेर आल्यावर शिंप्याकडून टेप मागवला (हे आधी का सुचलं नाही, ते कृपा करून विचारू नका) आणि माझा हात तीनदा मोजला. पंधरा इंच. ताणून पाहिला, वाढत नाही. म्हणजे विहिरीत पाणी फक्त बाराशे आठ गॅलन होतं, आणि मी पावडर जवळजवळ पावणेदोन पट टाकली. त्याने कुणाला अपाय होत नाही. वास मात्र येतो. चहाला तर येतोच. मुलाच्या आत्याचं नाक बरोबर होतं.

म्हणून शुक्रवारी ग्रामसभेत मी उभी राहून तीन गोष्टी सांगणार आहे: मी उडी मारली नाही, पावडर जास्त पडली ते माझं मोजमाप चुकलं म्हणून, आणि आता बरोबर मोजून पुन्हा टाकते आहे, ज्याला बघायचं त्याने विहिरीवर यावं, टेपचं दुसरं टोक लक्ष्मणरावांनी धरावं. मोजमापाची माफी मागीन. पावडरीची मागणार नाही. हे ऐकल्यावर लक्ष्मणराव पुन्हा तक्रार करतील, बदलीही होईल कदाचित. कालपासून आरशासमोर सराव करते आहे. पहिल्या वाक्यानंतर आवाज जातो, पण शुक्रवारला अजून पाच दिवस आहेत.

शेवटचा ता. क., आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण. डॉक्टरांकडे पाठवायचा खुलासा पुन्हा लिहायला घेतला आहे आणि एका ओळीवर अडले आहे. ‘एक हात म्हणजे दीड फूट’ हे चुकलं, की फक्त माझा हात लहान पडला? आपला हात खरोखर अठरा इंच असेल, तर चूक सर्वस्वी माझी, आणि मी तसं लिहीन. नसेल, तर अड्याळच्या विहिरींचं काय ते आपण बघावं. तरी आपला उजवा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजून उलट टपाली कळवावं, म्हणजे शुक्रवारच्या आत मिळेल. टेप मामींच्या हाती द्यावा. आपण स्वतः मोजाल तर बोटं ताणाल.